न शिकलेले चित्रकार आणि आपली मुले



शाळेच्या वर्षाअखेर पालक भेटावयास येतात, तेव्हा गणित, इंग्रजी आणि हिब्रू व्याकरण यांविषयी ते बारकाईने विचारपूस करतात. चित्रकलेचा रकाना मात्र सहसा कोणी वाचत नाही. चुकून वाचलाच, तर "आमच्या घराण्यात कुणाला चित्र येत नाही हो बाई", असे हसत म्हणून कागद घडी घालून पिशवीत टाकतात. हे वाक्य मी गेली पंचवीस वर्षे ऐकत आले आहे. ते ऐकले की मला एका बैलाची आठवण होते. त्या बैलाची हकीकत सांगताना मला स्वतःची एक चूक कबूल करावी लागणार आहे, म्हणून ती थोडी पुढे सांगेन.

प्रथम माझे मत सांगते. आपल्या मुलांना चित्रांची ओळख करून द्यावयाची असेल, तर ती मोठमोठ्या विख्यात चित्रकारांपासून सुरू करू नये. ज्यांनी चित्रकलेची शाळा कधी पाहिली नाही, ज्यांचा धंदा दुसराच होता, ज्यांनी म्हातारपणी किंवा कामाच्या अधूनमधून चित्रे काढली, अशांपासून सुरुवात करावी. विख्यात चित्रकाराचे तैलचित्र पाहून आठ वर्षांचे मूल "वा!" म्हणते आणि मनात ठरविते की हे आपले काम नव्हे. घड्याळजीने काढलेले चित्र पाहून ते घरी येऊन कागद मागते. हा फरक मी वर्गात डोळ्यांनी पाहिला आहे.

घड्याळजी म्हटले ते उगीच नव्हे. आपल्याच या देशात, गालिलातल्या त्सफात गावी, शालोम मोस्कोविच नावाचे एक गृहस्थ राहत असत. धार्मिक घराण्यातला, दाढीटोपीचा माणूस. घड्याळे दुरुस्त करणे हा त्यांचा व्यवसाय. गावात त्यांना यिद्दिश भाषेत 'घड्याळजी' असेच म्हणत. उतारवयात ते लाकडाची खेळणी करून, रंगवून विकू लागले. योसल बेर्गनर हे तेथे राहणारे नामांकित चित्रकार. त्यांनी ती खेळणी पाहिली आणि १९५७ च्या सुमारास या म्हाताऱ्याला चित्रे काढण्यास उत्तेजन दिले. साठी उलटलेल्या त्या माणसाने मग तोरातल्या कथा रंगविण्यास जो प्रारंभ केला, तो १९८० साली मृत्यू येईपर्यंत. आज त्यांची चित्रे जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत आहेत, आणि जगात त्यांना 'त्सफातचा शालोम' म्हणून ओळखतात.

ही चित्रे मुलांना का आवडतात, ते एकदा शेजारी बसून पाहावे. कागदावर आडवे पट्टे असतात, एकाखाली एक. एका पट्ट्यात घटना सुरू होते, खालच्या पट्ट्यात पुढे जाते. माणसे ओळीने चालतात. दूरचा माणूस लहान आणि जवळचा मोठा, हा शाळेतला नियम तेथे नाही. ज्याचे महत्त्व अधिक तो मोठा. कोण कोणता आहे याविषयी शंका राहू नये म्हणून हिब्रू अक्षरांत नावे लिहिलेली. आपले मूल चार-पाच वर्षांचे असताना नेमके असेच चित्र काढीत होते, हे आईबापांना आठवेल. फरक एवढाच, की त्या मुलाला आपण "हे बरोबर नाही" म्हणून सांगितले आणि शालोमना बेर्गनर यांनी तसे सांगितले नाही. बेर्गनर हे स्वतः रीतसर कला शिकलेले होते. यथार्थदर्शन म्हणजे काय, छायाप्रकाश म्हणजे काय, हे त्यांनी त्या म्हाताऱ्याला आठवड्याभरात शिकविले असते. त्यांनी हात आवरला. शिकलेल्या माणसाला हे किती कठीण जाते, ते मी अनुभवाने सांगू शकते.

आता बैलाची हकीकत. १९९९ सालची गोष्ट. मी भारतात डी.एड. होऊन येथे आले, उलपानात हिब्रू शिकले, पुन्हा परीक्षा दिल्या आणि दक्षिणेकडील आमच्या गावी शिक्षिका झाले. आमच्याच इमारतीत आपल्या समाजातील एक मावशी राहत. अलिबागेकडच्या एका खेड्यात जन्म, १९६० नंतर इकडे आलेल्या, वय पंचाहत्तरीचे, मराठी चौथी शिकलेल्या. त्यांचा नातू सातवीत होता. या देशात बार मित्स्वाच्या वयाची मुले 'शोराशीम' म्हणजे आपल्या मुळांविषयी एक वही तयार करतात, हे आपणांस ठाऊक आहेच. इतरांच्या वह्यांत वॉर्सा, बगदाद, कासाब्लांका येथील छायाचित्रे. मावशींच्या घरी गावाकडचा एकही फोटो नव्हता. फोटो काढण्याजोगे दिवसच नव्हते ते. म्हणून मावशींनी बँकेच्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर नातवाची उरलीसुरली स्केचपेने घेऊन चित्रे काढली आणि एके संध्याकाळी ती मला दाखवावयास आणली. "तू बाई आहेस, बघ गं, शाळेत चालतील का?" असे विचारले.

एक चित्र मला अजून जसेच्या तसे दिसते. त्यांच्या आजोबांचा तेलाचा घाणा. घाण्याचे तोंड आकाशातून पाहावे तसे गोल. भोवती बैलाची वाट, तीही गोल. बैल मात्र बाजूने काढलेला, त्याचे चारही पाय वर्तुळाच्या बाहेर पसरलेले, डोळ्यांवर झापडे. मागे घर, पण घराची पुढची भिंत काढलेलीच नाही, म्हणून आत टांगलेला काचेचा दिवा आणि त्यात वात लावणारी आजी दिसते. उजव्या कोपऱ्यात पुन्हा तोच बैल, झापडे काढलेला, माडाखाली बसलेला.

मी काय करावे? मी एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट दोन्ही परीक्षा उत्तीर्ण झालेली. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, सारे केलेली. मी पेन्सिल घेतली आणि म्हणाले, "मावशी, बैलाचे पाय असे दिसत नाहीत. मागचे दोन झाकले जातात. हे पाहा." आणि त्यांच्या बैलावर एक रेघ ओढून दाखविली. पुढे म्हणाले, "आणि बैल दोन होते का? एकच ना? मग शिक्षकांचा घोटाळा होईल."

मावशी म्हणाल्या, "एकच गं. हा शुक्रवारचा, तो शनिवारचा." थोडा वेळ कागदाकडे पाहून म्हणाल्या, "तू शिकलेली, तुला कळतंय." आणि कागद गुंडाळून घेऊन गेल्या. नातवाच्या वहीत पुस्तकातल्या एका घाण्याची झेरॉक्स चिकटविली गेली. मावशींनी त्यानंतर चित्र काढल्याचे मी ऐकले नाही. त्या गेल्यावर घर आवरताना कॅलेंडरची पाने कचऱ्यात गेली. दोनच राहिली, आणि त्यांतील एकावर माझी पेन्सिलीची रेघ आहे.

आपल्या पूर्वजांना कोकणात 'शनिवार तेली' म्हणत, हे आपण प्रत्येक समारंभात भाषणातून सांगतो. शब्बाथच्या आज्ञेत जनावरालाही विसावा सांगितला आहे, हेही आपल्याला पाठ आहे. पण शुक्रवारी फिरणारा आणि शनिवारी झापडे काढून बसलेला तो एकच बैल एका कागदावर आणण्याची युक्ती मावशींना सुचली; ती शालोमना सुचली होती, आणि मी मात्र तिला घोटाळा म्हटले. त्या वेळी शालोमचे नाव मला ठाऊक नव्हते. ही सबब म्हणून सांगत नाही. अध्यापक विद्यालयात हे नाव ठाऊक नसेल तर नसो, पण न शिकलेल्या माणसाचे चित्र समोर आल्यास पेन्सिल खाली ठेवावी, एवढे तरी आम्हांस कोणी सांगावयास हवे होते.

पायांवरून आठवले. पोलंडमधून अमेरिकेत गेलेले मॉरिस हर्शफील्ड (१८७२-१९४६) नावाचे एक यहुदी गृहस्थ होते. ब्रुकलिनमध्ये त्यांचा सपाता तयार करण्याचा कारखाना होता. प्रकृतीमुळे धंदा सोडला आणि १९३७ च्या सुमारास चित्रे काढू लागले. १९४३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने त्यांचे स्वतंत्र प्रदर्शन भरविले, तेव्हा टीकाकारांनी त्यांना 'दोन डाव्या पायांचा उस्ताद' म्हणून हिणविले, कारण त्यांच्या चित्रांतील बायकांना खरोखरच दोन्ही पाय डावे असत. वर्गात ही गोष्ट सांगितली की मुले पोट धरून हसतात, आणि मग चित्राकडे फार वेळ, फार लक्षपूर्वक पाहतात. हसू द्यावे. हसल्यावर भीती जाते.

आता काही वडीलधारी मंडळी विचारतील, की चित्रे आणि मूर्ती यांविषयी आपल्याला आज्ञा असताना मुलांना याच्या नादी का लावावे? प्रश्न योग्य आहे आणि तो टाळू नये. त्याचे उत्तर मुलांना पुस्तकातून देण्यापेक्षा त्यांना एकदा गिल्बोआ डोंगराच्या पायथ्याशी, बेत अल्फा येथे न्यावे. पाण्याचा पाट खणताना किबुत्झच्या लोकांना १९२८ साली तेथे जुन्या सिनेगॉगची जमीन सापडली. सहाव्या शतकातील ती जमीन रंगीत दगडी तुकड्यांनी मढविलेली आहे. तीत अब्राहाम आपल्या मुलास, इसहाकास, अर्पण करावयास नेतो तो प्रसंग आहे. अब्राहामाचे डोळे बशीएवढे. इसहाक लहानसा, हवेत लटकल्यासारखा. मेंढा झाडापाशी उभाच्या उभा टांगलेला. माणसांच्या डोक्यावर हिब्रूत नावे. काम करणाऱ्यांची नावेही तेथे ग्रीक अक्षरांत आहेत, मारियानोस आणि त्याचा मुलगा हनीना. राजधानीच्या कारागिरांची ही सफाई नव्हे, ही खेड्यातली धाटणी आहे. आणि तिच्यावर उभे राहून आपल्या पूर्वजांनी प्रार्थना केली. बेत अल्फाची जमीन आणि शालोमचे चित्र यांच्यामध्ये चौदाशे वर्षे आहेत. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्यास मुले विचारतात, "याने त्याचे पाहून काढले का?" मी म्हणते, "तुम्हीच सांगा."

बाप आणि मुलगा गुडघ्यांवर बसून एकेक खडा लावीत आहेत, हे दृश्य मला फार आवडते. असो.

आपल्या मुलांचे नाते केवळ या भूमीशी नाही. ज्या महाराष्ट्रातून आपण आलो, तेथील एक कला आता जगभर प्रसिद्ध आहे, ती वारली. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातील आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यातील वारली लोकांच्या घरी लग्न असले की सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक घालतात. बांबूच्या काडीचे टोक ठेचून केलेला कुंचला, एकच पांढरा रंग. चौक 'लिहिला' असे ते म्हणतात. मधोमध पालघट देवी. हे काम बायकांचे. जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) हे गंजाड गावचे. लहानपणी आई गेली आणि मुलगा बोलेनासा झाला. धुळीत चित्रे काढून काय ते सांगू लागला. पुढे १९७० नंतरच्या काळात मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी त्या भागात गेले. त्यापूर्वी हेच कुलकर्णी बिहारच्या १९६६-६७ च्या दुष्काळात पुपुल जयकर यांच्या सांगण्यावरून मिथिलेत गेले होते आणि तेथील स्त्रियांना भिंतीवरची चित्रे कागदावर काढण्यास त्यांनी कागद पुरविले होते. मशे यांच्याही हाती त्यांनी कागद दिला. लग्नाच्या चौकातून बाहेर येऊन मशे यांनी मासळीचे जाळे, मुंग्यांचे वारूळ, तारपा वाजविणाऱ्याभोवती फिरणारी माणसांची साखळी असे आपले सारे जगच चितारले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बेर्गनर आणि कुलकर्णी, दोघांनी एकच गोष्ट केली. साहित्य दिले आणि बाजूला सरले.

येथे मात्र मी पालकांना आणि माझ्या शिक्षक भगिनींना सावध करू इच्छिते. वारली म्हणून मुलांच्या हाती काय दिले जाते? दोन त्रिकोण, एक गोळा, चार काड्या, की झाला माणूस! त्याचा छापील नमुना येतो, मुले रंगवितात, शिक्षिका फळ्यावर टांगते, पालक फोटो काढतात. मीही हे केले आहे. एका मुलाने मला विचारले, "मोरा, हा माणूस कोण?" मला उत्तर देता आले नाही, कारण तो कोणीच नव्हता. मशे यांच्या चित्रात प्रत्येक जण काही तरी करीत असतो. कोणी जाळे ओढतो, कोणी पाणी आणते, कोणी नुसते पळते आहे. आणि देवीचा चौक तर गिरवावयासही देऊ नये. तो त्यांच्या लग्नातला पूजाविधी आहे. आपण तो आदराने पाहावा, त्याची माहिती मुलांना सरळ द्यावी, आणि त्याची नक्कल करून खोलीची शोभा वाढवू नये. आपला मलिदा किंवा एलियाहू हन्नाबीचे ताट कोणी पडद्यावर छापून विकले तर आपल्याला कसे वाटेल? मुलांनी मशे यांच्यापासून त्रिकोण घेऊ नये. आपल्या अवतीभवती कोण काय करीत आहे ते पाहण्याची सवय घ्यावी.

माझ्या वर्गात एका इथिओपियाहून आलेल्या कुटुंबाचा मुलगा आहे. गोंदर शहराजवळच्या वोलेका गावी त्यांच्या समाजातील बायका मातीच्या लहान मूर्तिका घडवीत आणि प्रवाशांना विकीत. त्याने आजीने केलेली एक बाई आणली, पाठीवर मूल बांधलेली. सर्व वर्गाने ती हातोहात पाहिली. त्या दिवशी मी त्याला प्रथमच मान वर करून बोलताना पाहिले. आपली मुलेही एके काळी अशीच मान खाली घालून बसत असत, हे मी कशाला सांगावे?

१९९५ साली इस्राएल म्युझियमने भारतातील यहुद्यांविषयी प्रदर्शन भरविले, तेव्हा आमच्यापैकी कित्येक जण बसेस करून पाहावयास गेलो होतो. घरी ज्याला अडगळ म्हणत होतो त्यासारखे सामान काचेआड पाहून डोळे पाणावले. परंतु काचेआड जाईपर्यंत थांबावयाचे का? पुण्याला १८७४ साली हिब्रू-मराठी हगादा छापला गेला, त्यातील चित्रांत साड्या नेसलेल्या बायका जमिनीवर बसून मत्सा करीत आहेत. युरोपात छापलेल्या हगाद्यांतील बायकांहून त्या किती निराळ्या! काढणाऱ्याने आपल्या स्वयंपाकघरात जे दिसले ते काढले. त्याच्या प्रती आता मिळतात. पेसाहच्या रात्री मुलांना एवढे एक चित्र दाखवून, "यात आपली आजी कोणती असेल?" असे विचारावे. माहितीपर व्याख्यानापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

मावशींचा तो नातू आता स्वतः बाप आहे. त्याने उरलेले दोन्ही कागद चौकटीत बसविले आहेत. माझी पेन्सिलीची रेघ खोडू का, असे मी विचारले. तो नको म्हणाला. त्याची आठ वर्षांची मुलगी मराठी बोलत नाही, पण त्या चित्रासमोर उभी राहून ती मला हिब्रूतून समजावू लागली, की हा बैल कामाला आहे आणि हा शब्बाथ पाळतो आहे. पायांविषयी ती काही बोलली नाही. मीच विचारले. ती म्हणाली, तो गोल फिरतो ना, मग घाण्याच्या मधे बसून पाहिले तर असेच दिसणार.

शिस्त नको, शिक्षण नको, असे माझे म्हणणे नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला स्वतःलाच आपले चित्र खऱ्यासारखे व्हावेसे वाटू लागते. तेव्हा यथार्थदर्शन शिकवावे, आणि कसून शिकवावे. त्याआधी शिकविल्यास बहुतेक मुले चित्र काढणेच सोडतात. "चित्र काढून पोट भरते का?" असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर आहे की भरत नाही. शालोम घड्याळे दुरुस्त करीत होते.

घरी करावयाचे ते फार थोडे आहे. मुलाच्या चित्राकडे पाहून "हे काय आहे?" असे विचारू नये, "हा कुठे चालला आहे?" असे विचारावे. रंगीत कागदांचे महागडे संच आणण्याची गरज नाही. दुकानातील तपकिरी कागदी पिशवी फाडून सपाट करावी, तांदळाचे पीठ पाण्यात कालवून द्यावे, काडी ठेचून द्यावी. घरात आजी किंवा आजोबा असतील, तर त्यांनाही एक काडी द्यावी आणि आपण दुसऱ्या खोलीत जावे. शेजारी बसून राहिल्यास म्हातारी माणसे लाजतात, आणि नातवंडांसमोर लाजत नाहीत. तयार झालेले कागद गुंडाळू नयेत, सपाट ठेवावेत, उन्हात टांगू नयेत; आपल्याकडील उन्हात स्केचपेनचा रंग एका उन्हाळ्यात उडतो. मागील बाजूस नाव, मूळ गाव आणि साल लिहावे. त्यासाठी, आणि केवळ त्यासाठीच, पेन्सिल वापरावी. पेनची शाई कालांतराने पुढे उमटते.